चित्रपट पाहावा कसा?

चित्रपट हे करमणुकीचे साधन आहे, याबद्दल कोणाचे दुमत नसावे. दिवसभर राबलेल्या माणसाने घटकाभर हसावे, रडावे, यात गैर काही नाही. परंतु पडदाही शिकवीत असतो, आणि तो काय शिकवतो याची परीक्षा कोणी घेत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रांपुढे आम्ही एक साधी पद्धत ठेवीत आहोत. गाणी, मारामारी, नटांची नावे थोडी बाजूला ठेवावीत आणि विचारावे : या गोष्टीत राबते कोण? त्याचे घर गावात कोठे आहे? निर्णय कोणाच्या हाती आहे? हे झाले समाजशास्त्र. मग पाहावे की शिक्षण कोणाला मिळाले आणि त्याने त्या माणसाचे काय झाले.

१९३६ च्या 'अछूत कन्या'त रेल्वे फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण तरुण यांचे प्रेम आहे. त्या काळी असा विषय पडद्यावर आणणे हेच धाडस होते. पण समाजाचा पेच कथेला सुटला नाही, आणि शेवटी रेल्वेखाली प्राण गेला तो मुलीचाच.

बिमल रॉय यांचा 'सुजाता' (१९५९) आमच्या पिढीच्या घरांत डोळे पुसत पाहिला गेला. नूतनचा अभिनय पाहून आजही मन भरून येते. तरीही वरचे प्रश्न विचारून पाहा. इंजिनिअरच्या घरात वाढलेल्या अस्पृश्य मुलीची ओळख 'मुलीसारखी' अशी करून दिली जाते. पोटची मुलगी रमा कॉलेजात जाते, सुजाता घरकाम पाहते. प्रेम आहे, पण वहीपुस्तक नाही! त्याच चित्रपटात रवींद्रनाथांच्या 'चांडालिके'चा प्रयोग आहे. भिक्खू आनंदाने चांडाळकन्येच्या हातचे पाणी मागितले, ती ही कथा. ती रंगमंचावर चालते, घरात मात्र चालत नाही. अखेर आई जखमी होते, सुजाताचे रक्त जुळते आणि मग ती मुलगी ठरते. आम्ही बँकेतली माणसे, त्यामुळे मनात येते की हे तारण ठेवून मिळालेले कर्ज झाले. रमाला असे काही द्यावे लागले नव्हते.

आता 'फँड्री' (२०१३). नागराज मंजुळे यांना या पहिल्याच चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याचे कुटुंब गावाच्या कडेला राहते. बाप कचरू मिळेल ते काम करतो, मुलीच्या लग्नाची काळजी त्याच्या डोक्यावर आहे. गावाला डुकरे नकोशी झाली की ती धरायची याच घराने. जब्या शाळेत जातो आणि शाळेतल्याच शालूवर त्याचा जीव आहे. त्यामुळे तिच्यासमोर डुक्कर धरायला लागणे ही त्याच्यासाठी नुसती लाजेची गोष्ट उरत नाही. शाळेत 'मी इतरांसारखाच' असे त्याला वाटू लागलेले असते, तेच त्या दिवशी मोडते.

दोन दृश्ये तर वर्गात शिकवावीत अशी आहेत. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. नागरिकशास्त्राचा धडा जब्याने पाळला, पण त्या शास्त्राने त्याच्यासाठी काय पाळले? दुसरे दृश्य बिनशब्दांचे. काठीला बांधलेले डुक्कर घेऊन ही माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र आहे. काही प्रेक्षकांना हा चित्रपट शाळेची टवाळी वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. शाळा भिंतीपर्यंत आली आहे, रस्त्यावर उतरलेली नाही, एवढेच तो दाखवतो. आणि कस्तुरी, सुजाता यांच्याहून जब्या येथेच वेगळा. तो मरत नाही, रक्त देऊन मान्यताही मिळवत नाही. बहिणीची छेड काढणाऱ्यांवर तो दगड उचलतो. शेवटचा दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो.

अभ्यासवर्गात हा चित्रपट दाखवणाऱ्या कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. दगड आल्यावर लगेच दिवे लावून आभारप्रदर्शन सुरू करू नये. डुकरामागे धावणाऱ्या माणसांना पाहून चित्रपटातले गाव हसते, त्या वेळी आपल्यापैकी कोण कोण हसले, एवढे आधी मुलांना विचारावे. मुले खरे उत्तर देतात. मोठ्यांना थोडा वेळ लागतो.