पर्यावरणाचा प्रोजेक्ट की तुमचा पहिला धंदा?

आजचा लेख कॉलेजच्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांना शिकवणाऱ्या सर-मॅडमसाठीसुद्धा.

पर्यावरण हा विषय शिकवणं सक्तीचं करा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. त्यामुळे बीकॉम असो की बीबीए, पर्यावरणाचा पेपर आणि प्रोजेक्ट आपल्याला असतोच. पण बहुतेक ठिकाणी होतं काय? नेटवरून मजकूर उतरवायचा, स्पायरल बाइंडिंग करायचं, सही घ्यायची. संपलं! तोच वेळ एका छोट्या धंद्याच्या हिशोबाला दिला तर?

उदाहरण घेऊ कापडी पिशवीचं. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली. बंदी असलेली पिशवी सापडली तर पहिल्यांदा ५,००० आणि दुसऱ्यांदा १०,००० रुपये दंड. म्हणजे दुकानदाराची अडचण खरी आहे. आणि जिथे अडचण, तिथे धंदा.

आता कॉस्टिंग करू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे भाव स्वतः विचारून घाला.

नवीन मांजरपाट १६, शिलाई ७, छपाई ३, वाहतूक आणि खराब माल २. एकूण २८ रुपये. किराणावाला एवढे देणार नाही, कारण गिऱ्हाईक पिशवी फुकट मागतं. इथेच बरेच जण वही मिटतात. तुम्ही मिटू नका.

कापड बदला. शिवणकामाच्या युनिटमध्ये उरलेले तुकडे घ्या. कापड ६ वर येईल. जोडकामामुळे शिलाई ९ होईल. एकूण २०. विक्री २५, नफा ५. आता पिशवीच्या एका बाजूला शेजारच्या मेडिकलची किंवा स्वीट मार्टची जाहिरात छापा, त्याचे ८ रुपये घ्या. किराणावाल्याला पिशवी १७ ला पडली, तुमचे ५ तसेच राहिले. २०० पिशव्यांमागे १,००० रुपये. रक्कम छोटी आहे, पण धंदा कसा चालतो ते कळलं.

दोन गोष्टी मात्र तपासा. बाजारात कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी मिळते. ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. दुसरं, कापूस पिकवायलाही पाणी लागतं. पिशवी दोनदा वापरून फेकली तर पर्यावरणाचा फायदा कसला? म्हणून महिन्याभराने वीस गिऱ्हाइकांना विचारा, "पिशवी किती वेळा वापरली? कुठे उसवली?" उत्तरं लिहून ठेवा. पुढच्या लॉटचा बंद कुठे मजबूत करायचा, ते त्यातूनच कळेल.

सर-मॅडमना एक विनंती. कव्हर पेज बघून मार्क देऊ नका. कॉस्टिंगची वही, कापडाची पावती, तीन दुकानदारांचे नकार आणि त्यांची कारणं, गिऱ्हाइकांची उत्तरं, यांना मार्क द्या. पिशव्या विकल्या नाहीत म्हणून मार्क कापू नका. का विकल्या नाहीत हे ज्याला आकड्यांत सांगता येतं, तो शिकलाच आहे. वर्गात एखाद्या दुकानदाराला अर्धा तास बोलवा. तो जे प्रश्न विचारेल ते कुठल्याच गाइडमध्ये नसतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, डिग्री हातात पडेपर्यंत थांबू नका. नोकरी करा, नाहीतर धंदा, माल कशाचा बनला आणि वापरून झाल्यावर कुठे जाणार, हा प्रश्न आता प्रत्येक धंद्याला लागू आहे. या आठवड्यात तीन दुकानांत जा. आधी विकू नका, फक्त विचारा. वही मात्र सोबत ठेवा!