डीपीतल्या तेलात कण घालावेत का?

उन्हाळा चढला की कर्नाटकाच्या सीमेला खेटलेल्या मैंदर्गीच्या शिवारात दोन गोष्टींकडे डोळे लागतात: विहिरीच्या तळाकडे आणि डीपीकडे, म्हणजे विजेच्या रोहित्राकडे. सोलापूर जिल्ह्यातल्या या अक्कलकोट तालुक्यात पारा चाळिशीपार गेलेला, आणि वीज आली रे आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू. रोहित्राच्या वेटोळ्यांत तयार होणारी उष्णता टाकीतल्या खनिज तेलाने बाहेर काढायची असते. हे तेल विजेला अडवतं म्हणून तर ते घालतात. पण ते उष्णतेलाही अडवतं. पाण्याची उष्णतावाहकता 0.6 वॅट प्रति मीटर-केल्विन, तेलाची जेमतेम 0.13, तांब्याची 400. वेटोळ्यांवरच्या कागदाचं आयुष्य दर 6 अंशांच्या वाढीला निम्मं होतं, हा अभियंत्यांचा ठोकताळा. मग तेलात चांगल्या वाहकाची पूड का मिसळू नये?

याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1873च्या ग्रंथात मांडून ठेवलं आहे, विजेच्या संदर्भात. उष्णतेलाही ते तसंच लागू पडतं. कण कितीही उत्तम वाहक असोत, आकारमानाने 1 टक्का घातले तर वाढ सुमारे 3 टक्के. एका कणातून दुसऱ्याकडे जाताना उष्णतेला मधला द्रव ओलांडावाच लागतो. शिवाय जाड पूड तळाशी बसते, नळ्या तुंबवते, पंप झिजवते. म्हणून ही कल्पना शतकभर अडगळीत पडली.

अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतले स्टीफन चोई यांनी 1995 मध्ये ती बाहेर काढली: कण नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या मापातले घ्या, ते सहजी बसणार नाहीत. 2001 मध्ये त्याच प्रयोगशाळेने जाहीर केलं, की इथिलीन ग्लायकॉलमध्ये, म्हणजे ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधल्या कूलंटचा जो मुख्य घटक त्यात, तांब्याचे फक्त 0.3 टक्के कण घातल्यावर वाहकता 40 टक्क्यांपर्यंत वाढली. मॅक्सवेलच्या हिशेबाने ती 1 टक्काही वाढायला नको होती! 2003 मध्ये आयआयटी मद्रासच्या सरित दास, टी. प्रदीप आणि सहकाऱ्यांनी आणखी एक धागा जोडला: द्रव जितका तापलेला, तितका कणांचा परिणाम जास्त. सोलापूरकरांच्या कामाचीच गोष्ट.

स्पष्टीकरणांचा मग पूर आला. सर्वांत आवडतं स्पष्टीकरण होतं ब्राउनी गतीचं: कण सतत थरथरतात आणि उष्णता घेऊन धावतात. ऐकायला छान, पण हिशेबात टिकत नाही. पाण्यातला 10 नॅनोमीटरचा कण जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे 3 हजार पट वेगाने उष्णता स्वतःच पसरते. तिला हमाल लागतच नाही.

2009 मध्ये जगभरातल्या तिसाहून अधिक संस्थांनी एकाच घाण्यातले नमुने आपापल्या उपकरणांनी मोजले. आकडे एकमेकांशी बऱ्यापैकी जुळले आणि अद्भुत वाढ कुठेच दिसली नाही. मॅक्सवेलच्या परंपरेतलं जुनं सूत्रच पुरेसं ठरलं. याला मी अपयश मानत नाही. आठ-दहा वर्षं गाजलेल्या दाव्याची अशी सामुदायिक झडती विज्ञानातही रोज होत नाही.

मग जिथे खरंच मोठी वाढ दिसली, तिचं काय? बहुतेकदा कण सुटे राहिले नव्हते. ते एकमेकांना चिकटून साखळ्या करतात आणि साखळीतून उष्णतेला जवळजवळ सलग वाट मिळते. कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात जॉन फिलिप यांच्या गटाने हे दाखवून दिलं: मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाच्या कणांचा द्रव चुंबकीय क्षेत्रात ठेवला, कण क्षेत्राच्या दिशेने रांगेत उभे राहिले आणि त्या दिशेची वाहकता झपाट्याने वाढली. गोम अशी, की चुंबकाविना झालेला असा गठ्ठा जड होतो आणि तळाशी बसतो. वाहकता वाढवणारी आणि द्रव बिघडवणारी गोष्ट एकच! कणांवर लेप चढवून त्यांना दूर ठेवावं, तर वाट तुटते.

रोहित्रासाठी 2012 मध्ये राइस विद्यापीठात बोरॉन नायट्राइडचे अतिपातळ पापुद्रे तेलात घालून पाहिले. ते वीज वाहत नाहीत, आणि पसरट पापुद्रा गोल कणापेक्षा लांब वाट करून देतो. वाहकतेत भरीव वाढ झाली. पण शिवारातल्या डीपीला पंप नसतो. तापलेलं तेल वर जातं, बाजूच्या नळ्यांतून निवत खाली येतं, एवढाच तिचा कारभार. कणांनी तेल दाट केलं तर हा फेरा मंदावणार, आणि वाहकतेत कमावलेलं प्रवाहात जाणार. शिवाय दहा मोटारींच्या डीपीवर पंधरा मोटारी चढवल्या, तेलाची पातळी कोणी पाहिलीच नाही, तर कुठलाही पापुद्रा तिला वाचवणार नाही.

नॅनोकणांचा द्रव उष्णतेच्या कामी बाजारात केव्हाच आलेला आहे, तो स्पीकरमध्ये. 1963 मध्ये नासाच्या स्टीफन पॅपेल यांनी रॉकेटच्या इंधनासाठी चुंबकीय द्रव बनवला; पुढे तो अनेक ट्वीटरच्या, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरच्या, कॉइलभोवतीच्या फटीत भरला जाऊ लागला. तिथे एरवी हवा असते, आणि तिची वाहकता 0.026, तेलाच्या पाचव्या हिश्शाएवढी. म्हणून कॉइल थंड करतं ते मुख्यतः त्या द्रवातलं तेलच. कणांचं काम वेगळं: स्पीकरच्या चुंबकाला धरून राहायचं आणि तेल फटीतून गळू द्यायचं नाही.