भुताची गोष्ट आणि विहारातले कपाट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतला सहावीत शिकणारा एक मुलगा सलग चार रात्री झोपला नाही. दिवा बंद केला की ओरडे. आईचा पदर सोडेना. शेजारच्या बायका जमल्या. एक म्हणाली, "ताप नाही, खोकला नाही, म्हणजे बाहेरचंच काहीतरी आहे." दुसरीने लगेच पत्ता सांगितला. एक बाबा आहे, दोरा बांधतो, अमावास्येला उतरवतो, अकराशे घेतो. मुलाची आई चार घरी धुणीभांडी करते. अकराशे म्हणजे तिचा जवळजवळ अर्ध्या महिन्याचा किराणा. तरी ती उसने मागायला निघाली होती, कारण पोराच्या पुढे पैसा काय?

सुदैवाने ती उसने मागायला आमच्याच घरी आली. आम्ही मुलाला जवळ बसवून विचारले, "बाळा, पाहिलंस काय तू?" बऱ्याच वेळाने तो बोलला. चुलतभावाच्या मोबाईलवर त्याने 'तुंबाड' पाहिला होता. आणि नंतर विहारातल्या कपाटातून नारायण धारपांचे पुस्तक नेऊन तेही गोधडीत शिरून वाचले होते.

पुढच्या रविवारी विहार समितीची बैठक झाली. विषय एकच, कपाट. एक ज्येष्ठ बांधव तावातावाने म्हणाले, "बाबासाहेबांनी आपल्याला भुताखेतांतून बाहेर काढलं, आणि आपल्याच विहारात भुताची पुस्तकं? सगळी रद्दीत घाला." बाकीच्यांनी माना हलवल्या. ते कपाट आम्हीच भरलेले. आप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून, आणि साहेब लोकांच्या घरची रद्दी निघे त्यातून. त्यामुळे आरोपी आम्हीच होतो. आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जे आठवले, जे तपासले, ते वाचकांपुढे ठेवतो. हा प्रश्न एकट्या आमच्या विहाराचा नाही.

पन्नास पैशांची लायब्ररी

आमचे बालपण भवानी पेठेतल्या एका खोलीत गेले. वडील कारखान्यात हेल्पर, आई विड्या वळायची. कोपऱ्यावर एका टपरीत लायब्ररी होती. पुस्तकामागे दिवसाला पन्नास पैसे भाडे. तिथे बाबूराव अर्नाळकर होते, गुरुनाथ नाईक होते, सुहास शिरवळकर होते, धारप होते. पाने सुटलेली, कव्हरला पुठ्ठा चिकटवलेला, मधल्या पानावर चहाचा डाग. शेवटचे पान फाटलेले निघाले तर टपरीवाल्याशी भांडण.

आम्ही सातवीत होतो. रात्री आई सुपात तंबाखू घेऊन बसे आणि आम्ही रहस्यकथा मोठ्याने वाचत असू. शेजारच्या दोन मावश्याही सूप घेऊन येत. आईला अक्षरओळख नव्हती. पण निम्मे पुस्तक झाले की ती विडीला दोरा गुंडाळत म्हणे, "खून त्या डॉक्टरनं केलाय बघ. फार गोड बोलतोय मेला." आणि दहातल्या सात वेळा आईचा अंदाज खरा निघे! शाळेत न गेलेली बाई पुरावे जुळवत होती. कोण खोटे बोलतो, कोणाचा फायदा होतो, हे हेरत होती. विचार करायला शिकणे म्हणतात ते हेच ना?

वडिलांना कोणीतरी सांगितले, "पोरगं फालतू पुस्तकं वाचतंय." वडील एवढेच म्हणाले, "वाचतंय ना? वाचू दे. फक्त गणित झाल्यावर."

पुढे वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला कोण बसणार, असे विचारले गेले. मोठी माणसे अडखळत होती. आम्ही बसलो आणि तीन महिने न अडखळता वाचले. लोकांनी कौतुक केले. पण तो आवाज कुठे तयार झाला होता, हे फक्त आईला आणि त्या दोन मावश्यांना ठाऊक होते.

आपल्या पुण्यातले तीन लेखक

ज्या लेखकांना विद्वानांनी फारसे दारात उभे केले नाही, त्यांतले कितीतरी पुण्याचे. सुहास शिरवळकर इथलेच. १९४८ साली जन्म, २००३ साली निधन. त्यांचा दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास ही नावे आमच्या पिढीला घरच्या माणसांसारखी पाठ. त्यांच्या 'दुनियादारी' या कादंबरीवर २०१३ साली चित्रपट निघाला. थिएटरवर रांगा लागल्या तेव्हा बऱ्याच तरुण पोरांना कळले, की हे आधी पुस्तक होते. लेखक जाऊन तोवर दहा वर्षे झाली होती.

दुसरे नारायण धारप. जन्म १९२५, निधन २००८. विज्ञानाचे पदवीधर असलेल्या या गृहस्थांनी मराठीत भयकथेचे एक दालनच उभे केले. त्यांनी परदेशी लेखक भरपूर वाचले होते. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी अमेरिकेतल्या स्टीफन किंग यांच्या कादंबरीवरून आलेली आहे. म्हणजे अमेरिकेतले भूत पुण्यात येऊन मराठी बोलू लागले आणि आमच्या भवानी पेठेतल्या खोलीत येऊन बसले!

तिसरे डॉ. जयंत नारळीकर. मोठे खगोलशास्त्रज्ञ, पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचे संस्थापक संचालक. २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर'. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ती पाठवली. पण परीक्षकांवर नावाचे दडपण येऊ नये म्हणून 'नारायण विनायक जगताप' असे टोपणनाव घेतले. आद्याक्षरे स्वतःचीच, फक्त उलटी केलेली. हस्ताक्षर कोणी ओळखू नये म्हणून कथा उतरवून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. आणि कथेला पहिले बक्षीस मिळाले.

वाचकहो, आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्या समाजाला नावाचा चटका माहीत आहे. अर्जावर आडनाव वाचून चेहरा बदलणारी माणसे आपण पाहिली आहेत. इथे एका नामवंत माणसाने आपले मोठे नाव बाजूला ठेवून, लिखाण तेवढे तपासा असे म्हटले. असा न्याय सगळीकडे मिळाला असता तर?

मुले सही मागायला आली की नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी सहीनिशी उत्तर देईन. सही फुकट नाही, तिची किंमत एक प्रश्न! आणि हा विज्ञानकथा लिहिणारा माणूस नुसत्या कल्पनेत रमला नाही. २००८ साली पुण्यात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० पत्रिका जमवल्या. शेवटपर्यंत टिकलेल्या २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन विचारले, यातली हुशार मुलाची कोणती ते सांगा. बरोबर उत्तरे निघाली सरासरी ४६ टक्के. नाणे उडवून सांगितले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती.

'तुंबाड'ची आजी

आता त्या मुलाकडे वळू. आम्ही त्याला रागावलो नाही. 'भूत नसतं' एवढे सांगूनही भागत नाही. अंधारात ते वाक्य टिकत नाही. आम्ही त्याला ती भीती कुठून कशी आली, ते सांगत गेलो.

म्हटले, "हे बघ, अमेरिकेत एक लेखक आहे. त्याने एका भयंकर आजीची गोष्ट लिहिली. ती आपल्या पुण्यातल्या धारपांनी वाचली आणि आपल्या पद्धतीने मराठीत लिहिली. ती गोष्ट एका मित्राने राही अनिल बर्वे या मुलाला सांगितली. तोही असाच घाबरला. पण मोठा झाल्यावर त्याने त्या भीतीचा सिनेमा केला. २०१८ साली तो लागला, २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा लोकांनी पहिल्यापेक्षा जास्त गर्दी केली. आता सांग, यात भूत कुठे शिरलं?"

मुलगा विचारात पडला. मग आम्ही खिशातला हुकुमाचा पत्ता काढला. "सिनेमात विनायकाचा मुलगा आहे ना, पांडुरंग? त्याचं काम मोहम्मद समद नावाच्या मुलाने केलंय. आणि ती म्हातारी आजी? तीसुद्धा त्याच पोराने केलीय. तोंडाला रंगरंगोटी करून."

मुलाचे डोळे मोठे झाले. "ती आजी... पोरगा आहे?" आणि चार दिवसांत पहिल्यांदा तो हसला. त्या रात्री तो झोपला. दिवा चालू ठेवून, पण झोपला. दोन दिवसांनी दिवाही बंद झाला. अकराशे रुपये वाचले, आणि त्यातल्या साठ रुपयांत आईने त्याला वही आणि पेन घेऊन दिले.

जाता जाता सांगतो. दोरेगंडे करून पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा याच पुण्यात खून झाला, त्यानंतर तो कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे, हे गुन्हे आहेत. मूल खरेच आजारी असेल, भीती जात नसेल, तर सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात. तिथे जाण्यात लाज कसली?

जे खटकले तेही सांगू

त्या आठ दिवसांत आम्ही कपाटातली बरीच पुस्तके पुन्हा चाळली. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना तेव्हा न दिसलेले दिसले. बंगले आहेत, मोटारी आहेत, वकील आणि इन्स्पेक्टर आहेत. आपली माणसे मात्र नाहीत. वस्ती आली तर गुंड लपायला. बाई आली तर बरेचदा नुसती सजवायला. लहानपणी आम्ही खुशाल स्वतःला दारा बुलंद समजत होतो. पण आमच्या गल्लीत घडलेली रहस्यकथा त्या टपरीत एकही नव्हती.

ती उणीव भरून काढणारा माणूस त्याच फळीवर होता, अण्णाभाऊ साठे. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला हा माणूस मुंबईत सिनेमाची पोस्टरे आणि दुकानाच्या पाट्या वाचत अक्षरे शिकला असे सांगतात. त्यांच्या कादंबऱ्यांत घोडदौड आहे, झुंज आहे, प्रेम आहे, शेवटपर्यंत जीव टांगणीला आहे. पण नायक गावकुसाबाहेरचा. १९५९ सालची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले, पुढे तिच्यावर चित्रपट आला. करमणूक आणि स्वाभिमान एका पुस्तकात मावतात, हे त्यांनी दाखवले. अलीकडे नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' आणि 'सैराट' काढले तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोरांनी पडद्यावर आपली गल्ली, आपली भाषा, भिंतीवरचे बाबासाहेब पाहिले. पाहणाऱ्याची मान ताठ होते ती अशी.

बैठकीत काय ठरले

आठ दिवसांनी बैठक झाली. आम्ही हे सगळे मांडले. ज्येष्ठ बांधव म्हणाले, "ठीक आहे, पण उद्या दुसरं पोरगं घाबरलं तर?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांच्या पिढीने घरातले देव पाण्यात सोडून देताना गावाचा मार खाल्ला आहे. त्यांची चिंता आम्ही हसण्यावारी नेणार नव्हतो. मग तथागतांनी कालामांना काय सांगितले, ते आम्ही आठवून दिले. ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासा. जे ग्रंथाला लागू, ते भुताच्या पुस्तकाला का नको? पुस्तक रद्दीत घातले तर तपासणार काय? आणि मोबाईल कुठल्या रद्दीत घालणार?

ठरले ते असे. कपाट राहील. भयकथा आठवीच्या खालच्या मुलांना मिळणार नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी विहारात तासभर मोठ्याने वाचन. वाचून झाल्यावर मुलांना तीन प्रश्न. हे खरे घडू शकते का? लिहिणाऱ्याने आपल्याला कसे घाबरवले किंवा हसवले? आणि या गोष्टीत आपल्यासारखी माणसे कुठे आहेत?

पहिल्या शनिवारी नऊ मुले आली, दुसऱ्या शनिवारी चौदा. तो सहावीतला मुलगा सगळ्यांत पुढे बसतो. दोन आया निवडायला मेथी घेऊन येतात आणि ऐकत बसतात. परवा रहस्यकथा चालू असताना त्यातली एक मागून म्हणाली, "तो मॅनेजर लबाड आहे." आमच्या घशाशी आवंढा आला. वाचणे क्षणभर थांबवावे लागले.

वाचक बंधू-भगिनींनो, घरात जुनी गोष्टीची पुस्तके पडून असतील तर ती किलोवर विकू नका. जवळच्या विहारात द्या. आणि आपले पोर काय वाचते, काय पाहते, यावर रागावण्याआधी एक दिवस त्याच्या शेजारी बसून तुम्हीही ते वाचा, पाहा. मग त्याला विचारा.

जयभीम.