उसावरील केवडा : पेशीतील लोहाची टंचाई

चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः खोडव्यात, उसाची शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडलेली आढळतात. शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा अशा उभ्या रेघा दिसतात. पुढे पूर्ण पान पांढरे पडते. यालाच आपण केवडा म्हणतो. नत्राची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. त्यामुळे केवडा पाहून युरिया वाढविल्यास पैसा जातो, पीक मात्र सुधारत नाही.

लोहाचे पेशीतील कार्य

हरितद्रव्यात लोह नसते, परंतु ते तयार होण्यास लोह लागतेच. पानातील बहुतांश लोह हरितलवकात असते. श्वसनाद्वारे साखरेपासून ऊर्जा मिळविणाऱ्या तंतुकणिकांनाही लोह लागते. म्हणजे लोह कमी पडले की अन्न तयार होणे व त्यापासून शक्ती मिळणे, ही दोन्ही कामे मंदावतात. याउलट मोकळे लोह जास्त झाल्यास पेशीला इजा होते. म्हणून पेशी जादा लोह फेरिटिन या प्रथिनात साठविते व गरजेप्रमाणे मुळांद्वारे होणारे शोषण कमी-जास्त करते.

जमिनीत असून मिळत नाही

आपल्या जमिनीत एकूण लोह भरपूर असते. मात्र सामू ८ च्या वर गेला व चुना जास्त असला की ते अविद्राव्य होते. उसाची मुळे लोह धरून आणणारे पदार्थ बाहेर सोडतात, पण अशा जमिनीत ते अपुरे पडतात. जादा पाणी साचल्यास केवडा वाढतो.

उपाय

१) माती परीक्षण करावे. उपलब्ध लोह दर दशलक्ष भागांत ४.५ पेक्षा कमी असल्यास कमतरता समजावी.

२) लागणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो हिराकस दहापट शेणखतात मिसळून ५ ते ६ दिवस मुरवावे व सरीत द्यावे. नुसते हिराकस टाकल्यास ते चुनखडीत लवकर निरुपयोगी होते.

३) उभ्या पिकावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस विरघळवून सकाळी किंवा सायंकाळी फवारावे. तांबूस झालेले हिराकस वापरू नये.

४) लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहजासहजी जात नाही. म्हणून नवी पाने पुन्हा पिवळी निघाल्यास ८ ते १० दिवसांनी फवारणी परत करावी.

शंका असल्यास आधी चार-दोन पानांवर हे द्रावण लावून पाहावे. काही दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला, तर दुखणे लोहाचेच आहे असे समजावे आणि मगच पुढील खर्च करावा.