जुन्या-नव्या भाषांचा मेळ

मुलांनो, बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर व चिखली या तालुक्यांचा पाऊस एका कोष्टकात मांडला आहे, असे समजा. आडव्या ओळींत तालुके, उभ्या रकान्यांत जून व जुलै. संगणकाची १९५७ सालची भाषा फोर्ट्रान हे आकडे रकान्याने साठविते; १९७२ च्या सुमाराची सी भाषा ओळीने. फोर्ट्रानने साठविलेले आकडे सीने तसेच वाचले, तर चिखलीचा जून मेहकरचा जुलै ठरतो! आकडे खरे, उत्तर मात्र खोटे. आणि यंत्र तक्रारही करीत नाही.

मग जुनी भाषा टाकून द्यावी काय? मुळीच नाही. लॅपॅक हे फोर्ट्रानमधील गणिती भांडार आज पायथनसारख्या नव्या भाषेच्याही उपयोगी पडते. मात्र देवघेवीपूर्वी एकमेकांची रीत जाणून घ्यावी लागते.