टकरीआधीचा हिशोब

सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या 91 किलोमीटर परिघाच्या नियोजित कोलायडरची, म्हणजे कण आदळवणाऱ्या यंत्राची, बातमी आली की चर्चा रंगते ती बोगद्याची आणि खर्चाची. अशा यंत्रांत टकरीच्या वेळी काय-काय उसळेल, याचा हिशोब आधीच मांडणाऱ्या पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांचं नाव त्या चर्चेत असायलाच हवं.

हा हिशोब का लागतो, हे टॉप क्वार्कवरून कळतं. टॉप क्वार्क हा आजवर सापडलेला सर्वांत जड मूलकण. वस्तुमान सुमारे 173 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जवळपास टंगस्टनच्या अख्ख्या अणूएवढं! 1995 मध्ये तो अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये सापडला. शोध लावणाऱ्या दोन गटांपैकी ‘डी-झीरो’त मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते.

फर्मीलॅबमध्ये प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन आदळत. पण प्रोटॉन म्हणजे क्वार्क-ग्लुऑनचं गाठोडं. टकरीत त्यातलं काय कशावर आदळलं, हे नेमकं कळत नाही. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची टक्कर त्या मानानं स्वच्छ. अडचण अशी, की इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवला की प्रारणातून ऊर्जा गमावतो. सर्नचा ‘लेप’ हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा वर्तुळाकार कोलायडर 209 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास थांबला. टॉपची जोडी घडवायला सुमारे 350 लागतात. म्हणून सरळ रेषेतल्या कोलायडरचे आराखडे पुढे आले.

1991 मध्ये, मुंबई विद्यापीठात शिकवत असताना, गोडबोले यांनी जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रीस यांच्यासोबत या स्वच्छतेच्या कल्पनेलाच हात घातला. काही नॅनोमीटर उंचीचे दाट झोत समोरासमोर आले की एकाच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात दुसऱ्यातले कण वळतात आणि फोटॉन फेकतात. उच्च ऊर्जेला हेच फोटॉन अधूनमधून क्वार्क-ग्लुऑनच्या रूपात वागतात, एकमेकांवर आदळतात आणि हॅड्रॉनची, म्हणजे क्वार्कपासून बनलेल्या कणांची, गर्दी उडवतात. ऊस उत्पादकाला ही चिंता सांगावी लागणार नाही: गाळपाला उसाबरोबर पाचट गेलं तर वजन भरतं, पण उतारा घसरतो.

हा ‘ड्रीस-गोडबोले परिणाम’ आराखडे करणाऱ्यांना विचारात घ्यावाच लागला. झोत किती दाट ठेवायचे, त्यांचा आकार कसा असावा, हे ठरवताना ही गर्दी मोजणं भाग पडलं. सर्नच्या ‘क्लिक’ या सरळ कोलायडरच्या आराखड्यात कणांच्या दोन पुंजक्यांत जेमतेम अर्ध्या नॅनोसेकंदाचं अंतर आहे. त्यामुळे कुठला कण कधी आला, हे डिटेक्टरला नॅनोसेकंदाच्या पातळीवर टिपावं लागतं; तरच नको ते हॅड्रॉन गाळून टॉपच्या खुणा वाचता येतात.

25 ऑक्टोबर 2024 रोजी गोडबोले गेल्या. ‘क्लिक’ अजून कागदावरच आहे, आणि त्याच्या हिशोबात फोटॉनांतून उडणाऱ्या हॅड्रॉनची गणितं आहेत.