रात्री दारात आलेल्या बाईला आसरा कुठला?

समजा, मुक्कामी एसटी फाट्यावर येऊन लागली आहे. गाडीतून एक बाई उतरते. काखेत लेकरू, हातात पिशवी. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेली. माहेरी जावं तर भाऊ म्हणणार, "दिल्या घरी राहा." परत फिरावं तर जिवाची धास्ती. वाचकहो, ही बाई तुमच्या दारात आली तर तिला कुठे पाठवाल?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी काही माणसांनी त्याचं उत्तर शोधलं होतं.

फुल्यांच्या घरचा आसरा

त्या काळी उच्चवर्णीयांत बालविधवेला दुसरं लग्न नव्हतं. १८५६ मध्ये कायद्याने मुभा दिली, पण रूढी हटली नाही. कुणी फसवलं आणि दिवस राहिले, की तिच्यापुढे एक तर विहीर, नाही तर पोटच्या पोराचा गळा. फसवणारा मात्र उजळ माथ्याने फिरायचा.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तशी पत्रकं शहरात भिंतींवर लावली. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथेच ठेवा, असा त्यांचा मतलब. पुढच्या वीसेक वर्षांत पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यातल्याच काशीबाईचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

पंढरपुरातही १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी असाच आश्रम उभा केला. तीर्थाच्या गावी अडलेल्या बाया येत, त्यांची पोरं तिथे वाढत.

केडगावची शेती, हिंगण्याची झोपडी

पंडिता रमाबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं. निवारा दिला, पण हाताला काम नसेल तर बाई पुन्हा उघड्यावरच, हे त्यांनी ओळखलं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. मुलींना ख्रिस्ती करतात असा गवगवा १८९३ मध्ये झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी बाई खचल्या नाहीत.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात हिंडून त्यांनी उपाशी मुली-बायांना केडगावला आणलं. आज दौंड तालुक्यात असलेल्या या गावी सुमारे शंभर एकर जमीन घेतलेली होती. तिथे विहिरी खोदल्या, मळा पिकवला, गाई पाळल्या. विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी सारी कामं बायाच करू लागल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली माणसं दीड हजारांवर गेली. शेतकरी बंधूंनो, दुष्काळात एवढी पोटं जगवणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शारदा सदनातल्याच गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये लग्न केलं. मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. कर्वे मात्र थांबले नाहीत. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं आणि १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. शहरात कॉलेजात शिकवून ते चिखल तुडवत पायी तिथे जायचे. गावाने वाळीत टाकलेल्या या माणसाला देशाने १९५८ मध्ये भारतरत्न दिलं.

आता कायदाच सांगतो

जे फुल्यांनी स्वतःच्या हिमतीवर केलं, ते आज कायद्यात आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००६ मध्ये लागू झाला. पीडित बाईने स्वतः मागितला किंवा संरक्षण अधिकाऱ्याने कळवलं, तर निवारागृहाने तिला आसरा द्यायचा आहे. आधी अहवाल नोंदवला नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही. तिची इच्छा असेल तर ती कुठे आहे हे नवऱ्याकडच्यांना कळवायचं नाही, असंही नियम म्हणतो. सातबारा किंवा घर तिच्या नावावर नसलं, तरी सासरच्या घरात राहण्याचा हक्क तिला याच कायद्याने दिला आहे.

सरकारच्या निवारागृहांना आता 'शक्ती सदन' म्हणतात. तात्पुरता आसरा, दवाखाना, पोलीस आणि वकील यांची मदत एकाच ठिकाणी मिळावी म्हणून 'सखी' केंद्रं आहेत. फोन १८१, जिवावर बेतलं असेल तर ११२.

पण कायदा काही फाट्यावर येऊन उभा राहत नाही. तिथे तुम्ही-आम्हीच असतो. "घरगुती भानगड आहे, मिटवून घ्या" म्हणत तिला त्याच गाडीने परत पाठवणं सोपं असतं. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी एवढं तरी करावं : हे दोन नंबर आणि संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहावा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. गावाने मनावर घेतलं की असं होतं.

येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. फळा तर आहेच, खडूही असेल.